इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारातलं जुनं कोरीव थडगं: कसं बघायचं, कसं वाचायचं, कसं नोंदवायचं (बर्फर्ड धरून सविस्तर)

कॉट्सवोल्ड्सला फिरायला गेलेली आपली बहुतेक मंडळी बर्फर्डला थांबतात, हाय स्ट्रीटच्या उतारावर फोटो काढतात, कुठेतरी स्कोन आणि चहा होतो आणि गाडी पुढच्या गावाला निघते. तो उतार संपतो तिथे विंड्रश नदी आहे आणि नदीच्या अलीकडे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. त्या चर्चच्या आवारात सतराव्या-अठराव्या शतकातली अशी कोरीव दगडी थडगी आहेत की ज्यांच्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढावा, आणि तेही उघड्यावर, तिकीट नाही, रांग नाही. पण नुसतं "वा, छान आहे" म्हणून पुढे गेलात तर हाती काही लागत नाही. म्हणून हा लेख. एक थडगं निवडायचं, ते नीट बघायचं, त्यावरची अक्षरं वाचायची, फोटो आणि नोंदी करायच्या आणि घरी येऊन त्या माणसाचा कागदोपत्री माग काढायचा, हे सगळं क्रमाने सांगतो. बर्फर्ड उदाहरणाला घेतलंय पण पद्धत इंग्लंडमधल्या कुठल्याही गावातल्या चर्चला चालते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हा दगड मऊ आहे. चुनखडीचा आहे, पाऊस आणि थंडी खाऊन तो दरवर्षी थोडा थोडा झिजतोय, तीनशे वर्षांपूर्वीचं नाव आज जेमतेम दिसतंय ते अजून काही वर्षांनी दिसणार नाही. ते थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही, पण दगडाला हात न लावता ते वाचून ठेवणं नक्की आहे.

निघण्याआधी घरी

हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या साईटवर नॅशनल हेरिटेज लिस्ट म्हणजे संरक्षित वास्तूंची यादी आहे, सगळ्यांना फुकट बघता येते. त्यात गावाचं नाव टाकून नकाशा उघडा. चर्चच्या इमारतीवर एक खूण दिसेल (बर्फर्डचं चर्च ग्रेड वन म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत आहे) आणि भोवती आवारात आणखी बारीक बारीक खुणा दिसतील. त्या खुणा म्हणजे एकेकटी लिस्ट झालेली थडगी, बहुतेक ग्रेड टू. खुणेवर क्लिक केलं की दोन-चार ओळींचं वर्णन येतं, कुठल्या शतकातलं, कुठल्या आकाराचं, चर्चच्या दारापासून किती मीटरवर, कुठल्या दिशेला. हे अंतर वहीत उतरवून घ्या, कारण तिथे गेल्यावर पन्नास दगडांमधून नेमका तो ओळखायला तेच उपयोगी पडतं. लिस्ट नंबरही लिहून घ्या, पुढे सगळ्या नोंदी त्या नंबरावर लावता येतात.

मग चर्चला एक ईमेल करा. नुसतं बघायला आणि फोटो काढायला परवानगी लागत नाही, आवार उघडंच असतं, पण तुम्ही आरसा, टॉर्च, ट्रायपॉड घेऊन तासन् तास एका थडग्यापाशी बसणार असाल तर कळवलेलं बरं. आणि ईमेलला उत्तर म्हणून चर्चवॉर्डन (चर्चची देखभाल बघणारे) बऱ्याचदा जुन्या नोंदींची वही किंवा आवाराचा नकाशा आहे का ते सांगतात, हा मोठा फायदा. त्या दिवशी तिथे लग्न किंवा अंत्यविधी आहे का तेही विचारा. असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

सामान फार नाही. बदलत्या कोनात उजेड पाडायला एक चांगली टॉर्च, एक हलका लांबट आरसा (कपाटाच्या दाराला लावतात तो स्वस्तातला चालतो, कडांना टेप गुंडाळा), मोजायची टेप, फोटोत ठेवायला पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, इथल्या पावसात शाई पसरते. गुडघ्याखाली ठेवायला बागकामाचा फोम घ्या, कारण खालच्या ओळी वाचायला ओल्या गवतात बसावं लागतं आणि बसलं नाही तर त्या ओळी वाचायच्या राहून जातात.

ऊन कधी कुठे येतं ते आधी ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याच्याकडेच लोक लक्ष देत नाहीत. कोरलेली अक्षरं दिसतात ती सावलीमुळे. समोरून ऊन पडलं तर दगड सपाट दिसतो, तेच ऊन बाजूने, दगडाला जवळजवळ घासून आलं की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि जिथे काहीच नव्हतं तिथे पूर्ण वाक्य उभं राहतं.

इंग्लंडमधली पेटीच्या आकाराची थडगी, ज्यांना इथे चेस्ट टूम म्हणतात, ती साधारण पूर्व-पश्चिम मांडलेली असतात. म्हणजे लांब बाजू एक दक्षिणेकडे तोंड करून, एक उत्तरेकडे, आणि आखूड बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला. यावरून वेळ काढता येते. दक्षिणेकडची लांब बाजू वाचायची असेल तर एप्रिल किंवा सप्टेंबर धरा, सकाळी साडेसात ते साडेआठ किंवा संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, तेव्हा सूर्य जवळपास थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला असतो आणि ऊन त्या बाजूला घासून जातं. पश्चिमेकडची आखूड बाजू दुपारी एकनंतर लगेच, पूर्वेकडची एकच्या थोडी आधी (ब्रिटिश समर टाईम धरून, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, एकच्या सुमाराला). उत्तरेकडची बाजू कठीण, तिला वर्षातले बहुतेक महिने ऊनच लागत नाही, जूनमध्ये संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान थोडा वेळ तिरपं ऊन येतं, तेही मध्ये यूचं झाड किंवा भिंत नसेल तर. डिसेंबरात दक्षिण बाजूवर ऊन असतं खरं, पण ते समोरून येतं, त्यामुळे त्याचा उपयोग नाही.

इतकं जमवता येत नसेल तर आरसा आहेच, त्याच्याबद्दल पुढे.

पोचल्यावर लगेच वाचायला बसू नका

आधी एक फेरी मारा, चारही बाजूंनी, लांबून. थडगं सरळ उभं आहे का कललंय, वरची फळी सरकलेली आहे का, बाजूचे दगड सुटलेत का ते बघा. हे सुरक्षेसाठी पण आहे. टेकू नका, वर बसू नका, मुलांना चढू देऊ नका, वरच्या त्या दगडाचं वजन काही शे किलो असू शकतं आणि तो कित्येकदा नुसता ठेवलेला असतो.

बऱ्याच जणांना वाटतं की मृतदेह त्या दगडी पेटीत आहे. नाही. दफन खाली जमिनीत असतं, वरची पेटी आतून पोकळ असते किंवा विटा-दगडांनी भरलेली असते. बाजूच्या फळ्या आत लोखंडी आकड्यांनी एकमेकींना धरलेल्या असतात आणि थडगी फुटायचं एक मोठं कारण हेच लोखंड. पाणी आत गेलं की लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि आतून दगडाला फोडतं. कोपऱ्यापाशी तांबूस डाग आणि त्याच्याजवळ तडा दिसला तर ओळखा. सांध्यांमध्ये करडं कडक सिमेंट दिसलं तर ती नंतरच्या कोणाची तरी डागडुजी, आणि ती चुकीची, कारण सिमेंट पाणी आत अडकवून ठेवतं. मूळ काम चुन्याच्या गाऱ्यातलं असतं. या गोष्टी पण वहीत लिहायच्या, तारखेसकट. दहा वर्षांनी दुसरं कोणी आलं तर तडा वाढलाय का ते त्यावरून कळेल.

दगडावर हात न फिरवता जवळून बघितलंत तर माशांच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण दिसतील. हा ऊलाइट, जुरासिक काळातल्या उथळ समुद्रात तयार झालेला चुनखडी दगड. बर्फर्डच्या शेजारी टेंटन गाव आहे तिथल्या खाणींचा दगड ऑक्सफर्डच्या कॉलेजांना गेला, ब्लेनम पॅलेसला गेला. आणि इथले पाथरवट काही साधे नव्हते. टेंटनच्या स्ट्राँग घराण्यातल्या थॉमस स्ट्राँगने १६७५ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा पायाचा दगड बसवला, बर्फर्डजवळ स्वतःची खाण असलेला क्रिस्टोफर केम्प्स्टर कॅथीड्रलचा वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन याच्या हाताखाली तिथेच काम करत होता आणि १७१५ मध्ये वारल्यावर त्याला याच बर्फर्डच्या चर्चमध्ये पुरलं. लंडनच्या कॅथीड्रलची कामं करणारी घराणी ज्या भागात राहत होती तिथल्या गावच्या आवारात ही थडगी आहेत, मग कोरीवकामाचा हा दर्जा कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

आकार आणि कोरीवकाम

बर्फर्डची खासियत म्हणजे बेल टूम (इंग्रजीत बेल म्हणजे गासडी). खाली नेहमीची दगडी पेटी, आणि तिच्यावर आडवा ठेवलेला अर्धगोल दगड, बैलगाडीच्या टपासारखा, त्याच्यावर आडवे किंवा तिरपे पन्हळ कोरलेले. लोक सांगतात की ही लोकरीची गासडी आहे, दोरीने आवळून बांधलेली, कारण इथले श्रीमंत लोक लोकर आणि कापडाचे व्यापारी. काही अभ्यासक म्हणतात तसं नाही, पूर्वी तिरडीवर कापड टाकायला लोखंडी कमानींचा सांगाडा ठेवायचे, त्याची ही दगडी आवृत्ती. मला दुसरं जास्त पटतं, कारण हा आकार लोकरीशी संबंध नसलेल्या लोकांच्या थडग्यांवर पण सापडतो, पण गासडीची गोष्ट गावाने इतकी आपलीशी केलीय की थडग्याचं नावच त्यावरून पडलंय.

लोकरीचा एक धागा मात्र शंभर टक्के खरा. १६६६ आणि १६७८ च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक मृतदेह इंग्लिश लोकरीच्या कापडातच पुरायची सक्ती केली होती, लोकरीचा धंदा टिकावा म्हणून. नातेवाईकांनी तसं शपथपत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. हा कायदा रद्द झाला १८१४ मध्ये. म्हणजे बर्फर्डच्या आवारातली बहुतेक बेल टूम या कायद्याच्या काळातली, आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) रजिस्टरमध्ये दफनाच्या नोंदीपाशी शपथपत्र मिळाल्याची खूण दिसते ती याचीच.

आता त्या अर्धगोलाच्या दोन्ही टोकांना जा आणि खाली वाका. इथे शिंपला कोरलेला असतो, पसरट, पंख्यासारखा, किंवा कवटी. बाजूच्या फळ्यांवर फळाफुलांच्या माळा, कोपऱ्यांना गुंडाळी घातलेले ब्रॅकेट आणि पंखवाल्या बाळांची तोंडं. ही तोंडं नीट बघा, चांगल्या पाथरवटाच्या कामात दोन तोंडं सारखी नसतात, एकाचे गाल फुगलेले, एकाचे केस मागे वळवलेले, पंखांची पिसं एकावर एक अशी रचलेली की सगळ्यात वरच्या पिसाची कड अजून नखाएवढी उठून दिसते, कारण वरच्या फळीच्या पागोळीखाली असल्यामुळे तिला पाऊस लागलेला नाही. त्याच फळीवर हातभर खाली आलात की सगळं विरघळून गुळगुळीत. म्हणून कोरीवकाम बघायचं ते वरून खाली, पागोळीच्या आडोशापासून. फक्त एक लक्षात ठेवा, आडोशाच्या जागीच काळा थर पण साचतो, धुरातल्या गंधकाने चुनखडीचा जिप्सम होतो आणि त्यात काजळी अडकते. तो खरवडला तर खालचं कोरीवकाम त्याच्याबरोबर निघून येतं.

चिन्हांवरून काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. कवटी, आडवीतिडवी हाडं, वाळूचं घड्याळ जास्त असेल तर सतरावं शतक किंवा अठराव्याची सुरुवात. पंखवाली तोंडं अठराव्या शतकाच्या मध्यात सगळीकडे. शतक संपत आलं की कलश येतो, पडदा टाकलेला कलश, खाली तोंड केलेली मशाल, स्वतःची शेपूट गिळणारा साप. याला अपवाद भरपूर आहेत, गावचा पाथरवट म्हातारा असेल तर तो शहरातली फॅशन जाऊन तीस वर्षं झाली तरी कवट्याच कोरत बसायचा, त्यामुळे तारीख ठरवायची ती अक्षरांवरूनच.

पेन्सिलने एक कच्चं चित्र काढा, प्रत्येक बाजूचं वेगळं. चित्रकला येत नसली तरी काढा, फोटोत डोळा जातो पण काढताना हात प्रत्येक कडेपाशी थांबतो आणि मग लक्षात येतं की अरे इथे आणखी एक पट्टी आहे.

अक्षरं वाचायची

ऊन योग्य असेल तर नुसतं उभं राहून वाचा. नसेल तर आरसा. दोन माणसं लागतात, एकाने उन्हात तीन-चार मीटरवर बाजूला उभं राहून आरशाने ऊन थडग्यावर फेकायचं, दगडाच्या पृष्ठभागाला दहा-पंधरा अंशांच्या कोनात, आणि हळूहळू वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने वाचायचं आणि लिहायचं. उत्तर बाजूसाठी हा एकमेव सोयीचा उपाय आहे. ढगाळ दिवस असेल तर टॉर्च घ्या, दुसऱ्याला काळी छत्री धरून त्या भागावर अंधार करायला सांगा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरा. एकाच कोनात थांबू नका, उभ्या रेघा बाजूच्या उजेडात दिसतात आणि आडव्या रेघा वरच्या किंवा खालच्या उजेडात, त्यामुळे एका अक्षराला दोन-तीन दिशांनी उजेड देऊनच निकाल लावायचा.

लिहिताना नियम कडक ठेवा. दगडावर जितक्या ओळी तितक्याच वहीत, ओळ तिथेच तोडायची, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी तसंच ठेवायचं. न दिसणाऱ्या अक्षराला टिंब, शंका असेल त्याला चौकटी कंस. "इथे नक्की विल्यम असणार" म्हणून विल्यम लिहायचं नाही. एकदा अंदाज नोंदीत गेला की पुढचा प्रत्येक माणूस तो खरा धरून चालतो आणि मूळ दगड झिजून गेला की तपासायला काही उरत नाही. आकड्यांमध्ये एक, चार आणि सात यांची गल्लत होते, तीन, पाच आणि आठ यांची होते, त्यांचे जवळून वेगळे फोटो घ्याच.

काही गोष्टी माहीत असल्या की वाचन सोपं जातं. रेलिक्ट म्हणजे विधवा. क्लोदिअर म्हणजे कापडाचा कारखानदार-व्यापारी, मर्सर म्हणजे कापड दुकानदार. नावं तोडून वरती बारीक अक्षर काढतात, विल्यम, थॉमस, जेम्स तर हमखास. लॅटिन असेल तर ओबिइट म्हणजे वारला, हिक याकेट म्हणजे इथे पुरलाय. सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने कधी कधी ७, ८, ९, १० आकडा आणि पुढे दोन-तीन अक्षरं असे कोरतात, तिथे सात म्हणजे जुलै नाही, सप्टेंबर. आणि वयाची खाचखळगी: "वयाच्या ६३ व्या वर्षात" असं लिहिलं असेल तर पूर्ण झालेली वर्षं ६२, त्यावरून जन्मसाल काढताना एक वर्षाने चुकायला होतं.

तारखांचा गोंधळ १७५२ च्या आधी

इथे थांबून नीट समजून घ्या कारण चांगले चांगले वंशावळवाले इथे घसरतात. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे मागच्या सालात धरले जायचे. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद आपण १६४९ च्या ३० जानेवारीला झाला म्हणतो, तेव्हाच्या कागदांत साल १६४८ आहे. थडग्यावर फेब्रुवारी १७२३ असेल तर आपल्या हिशोबाने ते १७२४. एखादं मूल नोव्हेंबर १७२३ ला जन्मलं आणि फेब्रुवारी १७२३ ला वारलं असं दगडावर दिसलं तर पाथरवट चुकलेला नाही. पुष्कळ ठिकाणी दोन्ही सालं देतात, १७२३ आणि खाली किंवा तिरप्या रेघेनंतर ४. ती दोन्ही जशीच्या तशी उतरवा.

१७५२ मध्ये दुसरा बदल, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, मधले ११ दिवस काढून टाकले. त्या महिन्यातल्या मृत्यूची तारीख ३ ते १३ मध्ये दिसली तर आकडा परत एकदा आरसा धरून वाचा.

बर्फर्डच्या चर्चमध्ये आत गेलात तर याचा सराव करायला एक जागा आहे. मे १६४९ मध्ये क्रॉमवेलने बंड केलेल्या लेव्हलर (समान हक्क मागणाऱ्या चळवळीतल्या) सैनिकांना पकडून या चर्चमध्ये कोंडलं होतं, १७ मेला त्यातल्या तिघांना आवारात गोळ्या घालून मारलं. कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली नावाच्या एकाने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशावर आपलं नाव, साल आणि "कैदी" असं खरडून ठेवलं, कैदी या शब्दातलं एक अक्षर गाळून. तिरप्या उजेडात बघा, पोटात कालवतं. महिना मे, त्यामुळे सालाची भानगड नाही.

फोटो

मोबाईल पुरतो. कॅमेरा दगडाला काटकोनात धरा, तिरका नको, पट्टी फ्रेममध्ये ठेवा, आधी पूर्ण बाजू मग तुकडे तुकडे. एक्स्पोजर लॉक करा आणि ट्रायपॉडवर मोबाईल न हलवता टॉर्चची दिशा बदलत एकाच जागेचे सात-आठ फोटो घ्या. घरी ते ब्लॅक अँड व्हाइट करून एकामागे एक फिरवून बघितले की डोळ्यांना जागेवर न दिसलेलं अक्षर दिसतं.

त्याहून भारी पद्धत म्हणजे फोटोग्रामेट्री. ढगाळ, सावली नसलेल्या दिवशी थडग्याभोवती दोन-तीन फेऱ्या मारत, वेगवेगळ्या उंचीवरून, शंभर-दीडशे फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण ७० टक्के भाग परत यायला हवा. मेशरूमसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की त्याचं थ्रीडी मॉडेल होतं. आणि मग खरी युक्ती ही की मॉडेलवरचा रंग बंद करायचा. दगडावरचे पिवळे-पांढरे-काळे डाग निघून जातात, नुसता आकार उरतो, त्यावर स्क्रीनवरच पाहिजे त्या दिशेने उजेड पाडायचा. उत्तर बाजूला क्वचितच येणारं ऊन तुम्ही असं देऊ शकता.

हात लावायचा नाही, म्हणजे नाही

खडू चोळायचा नाही, पीठ नाही, शेव्हिंग फोम नाही. इंटरनेटवर हे सगळं सांगणारे व्हिडिओ आहेत. फोममधली ॲसिडं दगडात राहतात, खडू रेषांमध्ये घट्ट बसतो. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशर वॉशर तर नावच काढू नका. एका गावात एक सद्गृहस्थ चांगल्या भावनेने तारेच्या ब्रशने थडगं "स्वच्छ" करताना मी पाहिलेत, त्यांच्या पायाशी जी पांढरी भुकटी पडत होती ती घाण नव्हती, ते अक्षरांचे काठ होते.

डाग म्हणतोय ते बहुतेक दगडफूल. गोडा मसाल्यात आपण घालतो त्याच जातकुळीतलं. इथल्या जुन्या चर्चयार्डांमध्ये त्याच्या शेकडो जाती सापडतात, वर्षाला मिलिमीटर किंवा त्याहून कमी वाढतात, तळहाताएवढा पिवळा गोल दिसला तर तो थडग्याइतकाच जुना असू शकतो. तो काढायचा नसतो. वाळलेली पानं हाताने बाजूला करा, बस. आयव्हीची वेल ओढू नका, मुळांबरोबर दगडाचा पापुद्रा येतो.

आणि हे नुसतं सौजन्य नाही, कायदा आहे. थडगं हे ज्याच्या स्मरणार्थ आहे त्याच्या वारसांचं धरलं जातं, आवार पॅरिशच्या ताब्यात, आणि साफसफाई किंवा दुरुस्तीसाठी चर्च ऑफ इंग्लंडची फॅकल्टी म्हणजे लेखी परवानगी काढावी लागते. कागदावर ठसा घ्यायचा असेल तरी आधी व्हिकरला म्हणजे तिथल्या धर्मगुरूला विचारायचं. या बाबतीत बर्फर्डला विशेष मान आहे. १८७६ मध्ये कलाकार आणि लेखक विल्यम मॉरिसने इथे चालू असलेलं चर्चचं नूतनीकरण पाहिलं आणि तो इतका अस्वस्थ झाला की त्याने अशा कामांविरुद्ध संघटना हवी म्हणून पत्राचा मसुदा लिहिला, पुढच्या वर्षी जुन्या इमारती जपणारी सोसायटी सुरू झाली, जिला लोक "खरवड-विरोधी" म्हणायचे. आपल्याकडे वीरगळांना ऑईलपेंट फासतात, शेंदराचे थर चढवतात, त्यांच्याबद्दल मला हेच म्हणायचं असतं. तिरप्या उजेडाची पद्धत वीरगळ आणि शिलालेखांना अगदी जशीच्या तशी लागू पडते, गावी गेलात की करून बघा.

घरी आल्यावर कागद

नाव आणि साल हातात आलं की पॅरिश रजिस्टर. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदवायची सक्ती होती, सगळी टिकलेली नाहीत पण पुष्कळ आहेत. १८१३ पासून दफनासाठी छापील फॉर्म आले, त्यात वय आणि राहायचं ठिकाण असतं. त्याआधीच्या नोंदी व्हिकरच्या मर्जीवर, कधी नुसतं नाव. रजिस्टर हरवलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला शोधा. मग मृत्युपत्र. चांगलं कोरीव थडगं परवडणाऱ्या माणसाने बहुधा मृत्युपत्र केलेलं असतं, आणि १८५८ च्या आधीची श्रीमंत लोकांची मृत्युपत्रं कॅंटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह कोर्टात (मृत्युपत्रं बघणारं चर्चचं कोर्ट), ती आता नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ऑनलाइन शोधता येतात. थडग्यासाठी किती पैसे ठेवले तेही कधी कधी सापडतं.

दगडावर बॉम्बे, सुरत किंवा ईस्ट इंडिया कंपनी दिसलं तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या नोंदींमध्ये जा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं तिथे एन/३ या मालिकेत आहेत.

वेळ असेल तर डेल्सफर्ड

बर्फर्डच्या उत्तरेला, किंगम स्टेशनजवळ, डेल्सफर्ड नावाचं इवलंसं गाव आहे. तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जचं थडगं आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं तेव्हा कलकत्त्याला बसलेला गव्हर्नर जनरल तो हाच, नाना फडणवीसांनी ज्याच्याविरुद्ध निजाम, हैदर आणि भोसले एका फळीत आणायचा घाट घातला आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ज्याच्या सरकारशी सालबाईचा तह झाला. नंतर इंग्लंडच्या संसदेत त्याच्यावर महाभियोग चालला, सात वर्षं, १७८८ ते १७९५, शेवटी निर्दोष सुटला. घराण्याच्या हातून गेलेली डेल्सफर्डची जमीन त्याने परत विकत घेतली होती, १८१८ मध्ये तिथेच वारला. थडगं म्हणजे चौथरा आणि त्यावर कलश, आणि मजकूर फक्त नाव आणि १८१८.

बर्फर्डचं बेल टूम बघून त्याच दिवशी इथे आलात तर शंभर-दीडशे वर्षांत काय बदललं ते डोळ्यांना दिसतं, कवट्या, शिंपले, बाळं सगळं गेलं. मराठी माणसाला त्या आकड्यापाशी थांबायला आणखी एक कारण आहे, पेशवाई बुडाली ते साल पण १८१८. इथे वाचायला टॉर्च लागत नाही, पण चारही बाजू तरीही बघा, मोजा, दगडाची अवस्था लिहा.

नोंद कुठे द्यायची

फोटो आणि मजकूर लॅपटॉपमध्ये पडून राहिला तर सगळी मेहनत फुकट. प्रत्येक फाईलच्या नावात गाव, लिस्ट नंबर, बाजू (उत्तर, दक्षिण वगैरे) आणि तारीख टाका. एका पानावर मजकूर ओळीनुसार, मापं, दगडाची अवस्था, उजेड कुठल्या दिशेने होता ते आणि तुमचं नाव. ही एक प्रत चर्चवॉर्डनला द्या, एक त्या काउंटीच्या फॅमिली हिस्टरी सोसायटीला आणि एक काउंटीच्या अभिलेखागाराला, ऑक्सफर्डशरसाठी ते कावलीतलं ऑक्सफर्डशर हिस्टरी सेंटर. आधी ईमेलने विचारा कुठल्या फॉरमॅटमध्ये हवंय, कागदावरची छापील प्रत मात्र नक्की द्या, आणि तडा किंवा सुटलेला दगड पाहिला असेल तर ते चर्चवॉर्डनला वेगळ्या ईमेलमध्ये लगेच कळवा, नोंदी पूर्ण व्हायची वाट न बघता.